चाचणीचा कागद

३ जानेवारी

आत्या,

ओरडायच्या आधी नमस्कार घे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ‘काय?’ म्हणून मलाच दमवतेस, म्हणून सगळं लिहूनच सांगते.

मला काम मिळालंय. पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना आहे. चहाचे, बिस्किटांचे, रंगाचे, सगळे डबे. मालकांना, म्हणजे साहेबांना, नवं कॅटलॉग हवंय आणि तेही त्यांच्या वडिलांच्या वेळी होतं तसं, खऱ्या फिल्मवर काढलेलं. बाकीच्या फोटोग्राफरांनी नाक मुरडलं आणि मी उरले. तू दिलेला तो चौकोनी कॅमेरा घेऊन रोज जाते. मान खाली घालून वरून त्याच्या काचेत बघायला लागले की पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या बायका एकमेकींना कोपर मारतात, ‘ह्या बाई विहिरीत काय बघतात गं?’

पण आत्या, डबा ही फोटो काढायची वस्तूच नाही. झाकणात दिवा दिसतो, दिव्याचा स्टँड दिसतो, माझं नाक दिसतं. एका झाकणातून नाक घालवलं की ते शेजारच्या झाकणात उगवतं. आणि जमलं की नाही हे कळायची सोय नाही. करार असा आहे की कारखान्यात काढलेली प्रत्येक फिल्म न धुता गेटवर जमा करायची. कंपनी ती आपल्या लॅबला पाठवते आणि आठवड्याने साहेब मला बोलावून माझं नाक मलाच दाखवतात. रोल संपल्याशिवाय तोही जमा होत नाही, म्हणजे एका झाकणासाठी अख्ख्या रोलची वाट. फोन आत नेता येत नाही. डब्यांच्या नव्या नक्षा कोणी चोरेल म्हणून सगळ्यांचे फोन गेटवर काढून घेतात.

बाबा म्हणतात सोडून दे, हे आंधळ्यासारखं काम कशाला करायचं. मी सोडणार नाही. तू स्टुडिओत हे कसं करायचीस ते सांग.

तुझी ठमी


९ जानेवारी

ठमे,

नाक माझ्या घराण्याचं आहे, ते दिसणारच. त्याची लाज बाळगू नकोस.

तुझ्या बापाला सांग, तो माझा धाकटा भाऊ आहे आणि लहानपणी माझ्या अंधाऱ्या खोलीचं दार न विचारता उघडायचा. तेव्हापासून त्याच्या सल्ल्याला मी फार किंमत देत नाही.

आता लक्ष दे. एवढी वर्षं तुला हा कॅमेरा फक्त रोल खातो असं वाटत होतं, कारण तू कधी विचारलंच नाहीस. त्याची पाठ निघते. ह्या पार्सलमध्ये दोन पाठी आहेत.

चपटी आहे ती शीट फिल्मची. एका वेळी एकच फिल्म, एकच फोटो. मोठ्या शीट आणून मी त्या अंधारात ह्या मापाच्या कापल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कोपऱ्याला कात्रीने एक खाच पाडली आहे. न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लाव, अंधार कर, खाच बोटाला लागू दे. खाच उजव्या हाताला वर आली की फिल्मचं तोंड तुझ्याकडे आहे असं समज. उलटी घातलीस तर तिच्या पाठीवर फोटो निघेल आणि तो भुतासारखा दिसेल. एक झाकण, एक शीट, त्याच दिवशी गेटवर जमा. रोलची मिजास संपली.

जाडी आहे ती इन्स्टंटची, चाचणीसाठी. दिवे लावलेस, डबा मांडलास, की कॅमेरा जागचा न हलवता ही पाठ लावायची आणि एक फोटो घ्यायचा. पांढरी पट्टी ओढ. मग पिवळी बाहेर येईल, ती ओढ. सरळ आणि एका दमात. मध्ये थांबलीस, विचार करत बसलीस की फोटोवर पट्टा उमटतो. कागद आतल्या दोन रुळांमधून जातो आणि रुळांना अनमान धकत नाही. मग थोडं थांबून सोलायचं. फोटो चौकोनी येईल आणि भोवती काळी जागा राहील, कारण कागद मोठा आणि आपली चौकट लहान. घाबरू नकोस. नाक कुठे आहे ते बघ, दिवा हलव, मग चपटी पाठ लावून खरा फोटो घे.

सोलल्यावर हातात दोन गोष्टी राहतात, फोटो आणि त्याचं काळ्या पाठीचं चिकट साल. साल हाताला लागू देऊ नकोस, खाज सुटते. ते टाकून द्यावं असं पाकिटावर छापलेलं असतं. पाकिटावर काय वाटेल ते छापतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दोन्ही पाठींना उजेड अडवणारी पातळ पत्र्याची स्लाइड आहे. फोटो घ्यायच्या आधी ती काढायची. तू विसरणार आहेस, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

आत्या
(बहिरी आहे, आंधळी नाही)


२४ जानेवारी

आत्या,

स्लाइड विसरले. पहिल्याच दिवशी, साहेबांसमोर. पिवळी पट्टी ऐटीत ओढली, सोलली, आणि रात्रीसारखा काळा कागद त्यांच्या हातात ठेवला. ते म्हणाले, ‘डबा फार गडद आलाय.’ दुसऱ्याला मध्येच थांबले तर बिस्किटाच्या डब्यावर झेब्रा उमटला. तिसरा मात्र असा आला की प्रेस बंद करून सगळ्या जणी बघायला जमल्या आणि मुकादमाने आरडाओरडा केला.

आता बेत छान बसलाय. आधी चाचणी, मग शीट. माझं नाक एकाही डब्यात नाही. चाचणीचे कागद गेटवर जमा करायचे का म्हणून पहारेकऱ्याने विचारलं, तर साहेब हसून म्हणाले, ‘अरे तो कचरा आहे, तो कशाला जमा करतोस?’ त्यामुळे चाचण्या मी वाटून टाकते. सालं मात्र फरशीला चिकटतात आणि त्यांना पत्र्याचा कीस लागतो, म्हणून केर काढणाऱ्या मावशींनी माझ्या स्टँडशेजारी एक पोचे पडलेला डबा आणून ठेवलाय. म्हणाल्या, ‘तुमची ही चिकट लफडी ह्यात टाका, माझ्या केरात नको.’

तुला थोरलीबद्दल सांगायचंय. थोरली म्हणजे झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवरची सगळ्यात जुनी बाई. तिला सगळे थोरलीच म्हणतात, मुकादमसुद्धा. डाव्या हाताने पत्रा सरकवते, उजव्याने झाकण काढते आणि मधल्या पळभरात प्रेस खाली येऊन जाते. आणि हे चालू असताना ती शेजारणीकडे सुनेच्या कागाळ्या करत असते. साहेबांना ‘कारखाना जोरात चालू असताना’ असा एक फोटो हवा होता, तो मी तिचाच घेतला. खरा फोटो शीटवर घेऊन जमा केला आणि चाचणी तिला दिली. दोन्ही हात पुढे, झाकण चकाकतंय, आणि ती माझ्याकडे अशी बघतेय की मीच तिच्या कामात लुडबुड केलीये. तिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणाली, ‘इतकी वर्षं इथे काढली, आज कळलं मी काम करताना कशी दिसते.’

इन्स्टंटची पाकिटं संपत आलीत. आणखी आहेत का?

तुझी ठमी


३० जानेवारी

ठमे,

आहेत. ढीग पडलाय. आणखी पाठवलीत, उधळ.

पण मला सांग, डब्यांच्या कामाला इतके कागद लागत नाहीत. मी हे काम जन्मभर केलंय. ‘थोरली, थोरली’ करून तीनदा लिहिलंस, तिला एखादा लग्नाचा धाकटा भाऊ आहे का? असेल तर सरळ सांग, आडून आडून फोटो कशाला? मी तुझ्या बापाला सांगणार नाही. त्याला सांगितलेलं कळायलाही वर्ष लागतं.

थंडी असेल तर फोटो निळसर येतील. ओढून झालं की कागद सोलेपर्यंत काखेत धर. दिसायला वाईट दिसतं, पण फोटो चांगला येतो.

आणि ज्या बाईने कधी स्वतःला काम करताना पाहिलं नव्हतं तिला तू ते दाखवलंस, हे मला आवडलं. हे मी एकदाच म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणायची मला सवय नाही.

आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

तिला भाऊ नाही.

थोरलीची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं. प्रेस खाली आली आणि हात वेळेवर निघाला नाही. मी तिथे नव्हते, कॅटलॉगचं काम आठवडाभर आधीच संपलं होतं. तिच्या लेकीने येऊन सांगितलं.

पुढचं ऐक. प्रेसला समोरून जाळी असते. ती खाली असली की हात आत जाऊच शकत नाही. पण जाळी असली की काम सावकाश होतं, म्हणून ती कधीच काढून कोपऱ्यात ठेवलेली होती. मी तिथे होते तेवढे दिवस एकदाही जाळी बघितली नाही. आता कंपनीने लिहून दिलंय की जाळी जागच्या जागी होती, थोरलीने घाईत ती स्वतः उचलली, चूक तिची. तिला कामावरून काढलंय. आणि जाळी आता खरंच बसवलीय, ताजा हिरवा रंग लावून. तिच्या मैत्रिणी सांगतात, वास अजून जात नाही.

मी तिला भेटायला गेले. मला वाटलं रडत असेल. ती हात उशीवर ठेवून ताठ बसली होती. म्हणाली, ‘बोटं गेली ती गेली. पण मी निष्काळजी आहे असं कागदावर लिहिलंय ना, ते मी राहू देणार नाही. इतकी वर्षं त्या प्रेसवर मी एक झाकण वाकडं काढलं नाही.’ महिन्याभरात सरकारी चौकशी अधिकारी येणार आहेत. ज्या बायकांनी बघितलंय त्यांना मुकादमाने एकेकीला बोलावून समज दिलीय. दोघीतिघी बोलायला तयार आहेत, पण साहेब म्हणणार त्या तिच्या मैत्रिणीच आहेत.

आत्या, त्या फोटोत प्रेस होती. समोरून, जाळीशिवाय, थोरलीच्या दोन्ही हातांसकट. मी साहेबांना भेटून ती शीट मागितली. ते म्हणाले लॅबमध्ये खराब झाली. कपाटाच्या दारावरची चाचणी मुकादमाने आधीच काढून फाडली होती. तो एकच होता. ह्या इन्स्टंटला निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत निघत नाही, म्हणूनच तर मी तो तिला इतक्या कौतुकाने दिला होता.

बाबा म्हणतात, तुझं काम फोटो काढायचं, पैसे मिळाले, आता त्यात पडू नकोस, पुढे कोणी काम देणार नाही. मला इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

ठमी


२४ फेब्रुवारी

ठमे,

निगेटिव्ह नसते असं तुला कोणी सांगितलं? पाकिटाने?

साल कुठे आहे? काळ्या पाठीचं ते साल म्हणजेच निगेटिव्ह. फोटो तिच्यातूनच कागदावर उतरतो. मी ‘पुन्हा कधीतरी’ म्हणाले होते, तो ‘कधीतरी’ आज आलाय.

मिळालं तर असं कर. काच घे. सालाची चित्राची बाजू काचेवर पालथी ठेव आणि चारी कडा चिकटपट्टीने अशा बंद कर की पाण्याचा थेंब खाली जाणार नाही. मग वरच्या काळ्या पाठीवर कपडे पांढरे करायचं घट्ट ब्लीच लाव. खिडकी उघडी ठेव, हातमोजे घाल. काळं सुटायला लागेल, ते बोळ्याने पुसत जा, पाण्याने धू. काळं गेलं की काचेतून उजेड येईल आणि त्यात तुझा फोटो उलट्या रंगांत दिसेल. मग पट्ट्या काढून चित्राच्या बाजूचा चिकट थर कोमट पाण्याने हळू सोडव. हळू म्हणजे हळू. ब्लीच चित्राच्या बाजूला लागलं तर सगळं वाहून जाईल. आधी डब्याच्या सालांवर हात बसव आणि मग तिच्याला हात लाव.

तुझा बाप म्हणतो त्यात पडू नकोस. तू पडलेलीच आहेस. ज्या दिवशी कॅमेरा त्या बाईकडे वळवलास त्याच दिवशी पडलीस. आता नीट पड.

साल शोध. केर कुठे जातो ते केर काढणाऱ्यांना विचार, साहेबांना नको.

आत्या


२ मार्च

आत्या,

सापडलं!

मावशींना गेटबाहेर गाठलं. घाबरत घाबरत विचारलं, माझ्या त्या चिकट कागदांचं काय केलंत? त्या माझ्यावरच डाफरल्या. ‘काय करणार? पत्र्याच्या भंगारात टाकावं तर ते वितळवायला जातं, त्यात कागद चालत नाही. केरात टाकावं तर केरवाला म्हणतो ह्याने गाडी खराब होते. डब्याला झाकण लावलं आणि जिन्याखाली ठेवलाय. तुम्ही येऊन घेऊन जा म्हणून कधीची वाट बघतेय!’

कंपनीच्याच डब्यात, कंपनीच्याच झाकणाखाली. कॅटलॉगवर काय छापलंय माहितेय? ‘आमच्या डब्यात ठेवलेलं टिकतं.’ ती ओळ मीच मांडून दिली होती.

मला आत सोडत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी मावशींनीच तो डबा कमरेवर घेतला आणि केराच्या टोपलीबरोबर गेटमधून बाहेर आल्या. पहारेकऱ्याने विचारलं काय आहे. म्हणाल्या, ‘कचरा. वास घ्यायचाय?’ आत्या, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे झाडाआड लपले होते, आणि त्या मात्र ताठ चालत आल्या.

घरी उघडला तर बरीचशी सालं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. पहिल्या सालाची कड नीट बंद केली नाही, ब्लीच आत गेलं आणि चहाचा डबा डोळ्यांदेखत वाहून गेला. दुसऱ्याला घाई केली, अर्धा डबा राहिला. तिसरा पूर्ण आला. मग हात धुतले, न्हाणीघराबाहेर जाऊन पाणी प्यायले आणि थोरलीचं घेतलं. ते नेमकं तळाला होतं, एका झाकणाच्या सालाला चिकटलेलं. सोडवताना कोपरा फाटला, पण फाटलेल्या भागात नुसती भिंत होती.

काळं सुटत गेलं तशी आधी प्रेस दिसली. मग तिचा चेहरा. मग हात. बाबा दारात उभे होते. न विचारता दार उघडायची त्यांची सवय अजून आहे. मी काच खिडकीशी धरली. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘जाळी नाहीच की.’ मग म्हणाले, ‘प्रिंट मोठा काढ. लहान काढलास तर म्हणतील दिसत नाही.’

ठमी


५ मार्च

ठमे,

प्रिंट मोठा काढ, हे त्याचं पहिलं शहाणपणाचं वाक्य. जपून ठेव.

निगेटिव्ह घरी ठेव, चौकशीला फक्त प्रिंट ने. दोन ने. एक त्यांना द्यायचा आणि एक तू हातात धरून बसायचं. ते म्हणतील हा फोटो आमच्या मालकीचा, तू परवानगी घेतली नाहीस, हा खोटा आहे, हा नंतरचा आहे. प्रत्येकाला उत्तर शोधून ठेव. उत्तर नसेल तर गप्प बस, पण उठू नकोस. आणि थोरलीला बोलू दे. तुला बोलायची हौस फार आहे, ती माझ्याकडून आलीये, म्हणून सांगते.

आत्या


१९ मार्च

आत्या,

काल चौकशी झाली. तुला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्याच्याच वरच्या खोलीत होती. अधिकारी बारीकसे, सर्दी झालेले, सारखे रुमाल शोधणारे. एका बाजूला साहेब आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला थोरली, तिची लेक, दोन मैत्रिणी आणि मी. थोरलीने हात पदराखाली घेतला होता. मी प्रिंट टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

त्यांनी आधी करार काढला. म्हणाले, ‘हा फोटो वापरताच येणार नाही. कारखान्यात काढलेली प्रत्येक फिल्म कंपनीची. ह्या बाईंनी चोरून नेली.’

मी म्हटलं, ‘फिल्म मी सगळी जमा केली, पावत्या आहेत. ह्याच जागेची शीटसुद्धा जमा केली, ती तुम्ही खराब झाली म्हणालात. हा चाचणीचा कागद आहे. जमा करायचा का म्हणून पहारेकऱ्याने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तो कचरा आहे. कचरा कंपनीचा हवा असेल तर तसं करारात लिहा.’

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, ‘असं म्हणाला होतात?’ साहेब म्हणाले आठवत नाही. त्यांच्यामागून मावशी म्हणाल्या, ‘मला आठवतं.’ त्या केर काढायच्या निमित्ताने खोलीत शिरल्या होत्या आणि एकच कोपरा कधीच्या झाडत होत्या.

मग साहेबांनी दुसरं काढलं. फोटो नीट बघितला आणि शांतपणे म्हणाले, ‘ह्यात जाळी नाही हे खरं. पण अपघातानंतर आम्ही ती रंगवायला काढली होती. हा फोटो तेव्हाचा असणार. ह्याच्यावर तारीख कुठे आहे?’

आत्या, ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. कॅटलॉगच्या कामाची तारीख, गेटची नोंद, सगळं आणलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुझं ‘थोरलीला बोलू दे’ आठवलं आणि मी ते मिटलं.

थोरली उठली. पदराखालून उजवा हात काढला आणि टेबलावर, प्रिंटच्या शेजारी, पालथा ठेवला.

‘फोटोतल्या माझ्या हातांची बोटं मोजा साहेब,’ ती म्हणाली. ‘मोठ्याने मोजा. मग ही मोजा.’

अधिकाऱ्यांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी तो ठेवून दिला आणि साहेबांकडे बघितलं.

थोरली म्हणाली, ‘अपघातानंतरचा फोटो असता तर ही दोन बोटं त्यात कुठून आली असती? मला फार लिहिता वाचता येत नाही, पण दहापर्यंत येतं.’

मग अधिकाऱ्यांनी खाली बघणाऱ्या मुकादमाला विचारलं, ‘जाळी कुठे होती? खोटं सांगितलंत तर ते तुमच्यावरही येईल.’ त्याने तेव्हाच सांगून टाकलं की जाळी वर्षभर कोपऱ्यात होती आणि काढायला वरूनच सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी तिथेच लिहायला घेतलं. थोरली म्हणाली, ‘वाचून दाखवा.’ त्यांनी वाचलं: अपघाताच्या वेळी प्रेसला जाळी नव्हती, कामगार बाईची चूक नाही. ती म्हणाली, ‘आणखी एकदा.’ त्यांनी आणखी एकदा वाचलं. सर्दीने आवाज बसला होता, तरी वाचलं. तेव्हा कुठे ती रडली.

मला ह्या गावात आता कुठलाच कारखाना काम देणार नाही. साहेबांनी जाताना तसं सांगितलं. मी म्हटलं बरं.

आज थोरली घरी आली. म्हणाली, ‘माझा एक फोटो काढ. चाचणी नको. खरा.’ मी म्हटलं, चाचणीचे कागद तसेही संपलेत, आत्याला लिहिते, तिच्याकडे ढीग आहे. तर बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘ढीग? अगं ती फिल्म आता कुठे बनतच नाही. तिच्याकडची ती शेवटची पाकिटं होती. तुला दिली तेव्हा तिचं कपाट रिकामं झालं.’

आत्या, तू मला डब्यांवर ती उधळू दिलीस?

एकच शीट उरली होती. चाचणी न करता घेतला. थोरलीला खिडकीशी बसवलं. मला वाटलं हात मांडीवर ठेवेल. तिने उजवा हात वर केला, चेहऱ्याशेजारी, बोटं फाकवून, आणि मला दटावलं, ‘फोकस हातावर ठेव.’ फिल्म मीच धुतली. प्रिंट सोबत पाठवतेय.

तुझी ठमी


२६ मार्च

ठमे,

फोटो मिळाला. डाव्या कडेला काळी रेघ आहे, म्हणजे स्लाइड तू पूर्ण ओढली नव्हतीस. शीट एकच उरलेली असताना हा गाढवपणा कोण करतं? पण फोकस हातावर आहे. बाई म्हणाली तिथेच आहे.

पाकिटांबद्दल रडगाणं नको. ढीग नव्हता. बरं मग? ठेवणीतली म्हणून ठेवली असती तर कपाटात वाळून गेली असती आणि मी मेल्यावर तुझ्या बापाने ती केरात टाकली असती. तू ती डब्यांवर उधळलीस म्हणून त्यातली एक त्या बाईवर गेली. मोजूनमापून वापरली असतीस तर फक्त डबेच निघाले असते.

शीट अजून मिळतात. नव्या आणवल्यात, कापून पाठवते, खाच पाडून. गावात कारखाने काम देणार नाहीत तर कारखान्यांचे फोटो नकोत. तिच्या त्या दोन मैत्रिणींचे काढ, ज्या बोलायला उभ्या राहिल्या. मावशींचा काढ, डबा कमरेवर घेतलेला.

थोरलीचा फोटो मी पुढच्या खोलीत दारासमोर लावलाय, स्टुडिओत नवरानवरीचे लावायचे त्या जागी. येणारा प्रत्येक जण विचारतो, हिची दोन बोटं कुठे गेली? मी म्हणते, जोरात बोला, मला ऐकू येत नाही. ते पुन्हा मोठ्याने विचारतात. मग मी सांगते, कारखान्याला विचारा, आता त्यांच्याकडे लिहिलेलं आहे.

आत्या